निरोप जसाच्या तसा

कल्याणला रामबागेत आम्ही ज्यांच्याकडे दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, त्या बाई समोरच्या माणसाशी डोळे मिटून बोलत. पहिल्या भेटीत मला वाटलं, आपला चेहरा त्यांना बघवत नसावा. ही शंका मला नवी नव्हती. लग्न जमवण्याच्या काळात दोन-तीन घरांत ती बरीचशी पक्की झाली होती.

"बोला," त्या म्हणाल्या, आणि मान उजवीकडे कलती करून डोळे मिटले.

मी मोहन्याच्या बाजूला एका कारखान्यात टाइम ऑफिसात आहे, घरात आई आणि बायको आहे, मांसाहार नाही, मोठ्याने रेडिओ नाही, असं सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं. मधेच भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता त्या उठल्या आणि म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. खोल्या बघून घ्या." भाडं, अनामत, पाण्याची वेळ हे सगळं बोलायचं राहिलं होतं. त्यासाठी मला दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.

सगळी चाळ त्यांना मावशी म्हणे. त्यांची सगळी नोकरी कल्याणच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेली होती. आता गल्लोगल्ली एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्यात आणि माझी मुलगी कानाखांद्यात रिसीव्हर दाबून एकीकडे नखं रंगवते, तिला हे सांगितलं तर खरं वाटत नाही. तेव्हा परगावी बोलायचं म्हणजे आधी कॉल बुक करायचा, मग घरात बसून वाट बघायची. एक्स्चेंजमधली बाई पुढच्या गावच्या एक्स्चेंजमधल्या बाईला बोलवायची, ती तिच्या पुढच्या गावच्या बाईला. एकेक वायर खोचत आपला आवाज पुढे सरकायचा, आणि तीन मिनिटं झाली की बाई मधे येऊन तसं सांगायची. या बायकांनी एकमेकींना कधी पाहिलेलं नसे. नावंही माहीत नसत. नाशिकची ती 'नाशिक', मनमाडची ती 'मनमाड'. आणि आमच्या मावशी जन्मभर 'कल्याण'.

त्यामुळे त्यांना माणसं चेहऱ्याने कळतच नसत. बाजारात समोरून गेलात तर सरळ पुढे जायच्या. "मावशी," म्हटलं की जागच्या जागी थांबायच्या. एकदा बायकोला सर्दी झाली होती, ती त्यांच्या दारात उभी राहून बोलली, तर तिच्याकडे बघत बघत मावशींनी विचारलं, "कोण बोलतंय?" शेजारी टीव्ही आला तेव्हा त्या बातम्यांना जाऊन बसत, आणि डोळे मिटून ऐकत. निवेदिकेच्या साडीवर इतर बायकांची चर्चा चाले. मावशी म्हणायच्या, "हिला दम पुरत नाही. भुसावळपर्यंत नाही जायची."

माणसांना त्या गावाच्या नावाने ओळखत. माझी बहीण येऊन गेली की सांगत, "तुमचं डोंबिवली येऊन गेलं." माझ्या आईला तिच्या बोलण्यावरून पहिल्याच दिवशी त्यांनी 'सातारा' करून टाकलं. आईला ते आवडलं असावं, कारण ती इतरांच्या अशा नावांवर हसायची, स्वतःच्या नाही.

फोन चाळीत त्यांच्याकडेच होता. तो कोणालाही हाताळू देत नसत. मला एकदाच परवानगी मिळाली. परगावचा फोन म्हणजे आवाज तिथवर पोचला पाहिजे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती, म्हणून पोटातून जोर लावला. मावशींनी रिसीव्हर काढून घेतला. "ओरडूनच बोलायचं तर फोन कशाला? गच्चीवर जा." तेव्हापासून माझे फोनही त्याच करत आणि मी शेजारी उभा राहून मजकूर सांगत असे.

आणि तिथेच त्यांची खरी गंमत होती. गंमत म्हणजे त्या वेळी कोणाला ती गंमत वाटत नसे. त्या निरोप जसाच्या तसा देत. शब्द तोच, सूर तोच, रागसुद्धा तोच. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींकडे हळदीकुंकू होतं. घरात पंधरा-वीस बायका. मावशी जिना चढून गेल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि भरल्या घरात म्हणाल्या, "दादर म्हणतं, 'त्या म्हशीला सांगा, भाऊबीजेला मी येत नाही, तिने माझ्या बायकोची माफी मागावी.'" आणि खाली निघून आल्या. वहिनी नंतर भांडायला आल्या, "अहो, निदान म्हैस तरी गाळायची!"

"म्हैस तुमच्या भावाची. मी फक्त वायर," मावशी म्हणाल्या.

मी एकदा धीर करून विचारलं होतं, की थोडं गोड करून सांगितलं तर काय बिघडतं? त्या दिवशी त्या बोलल्या. त्यांच्या शेजारच्या बोर्डावर एक नवीन मुलगी होती. लाइन खराब असली की ऑपरेटर बायका निरोप तोंडाने पुढे सांगत, तसा तिने एक निरोप सांगितला. वडील गेल्याचा निरोप होता. मुलगा लांब नोकरीला. हिला वाटलं, एकदम कसं सांगायचं. म्हणून म्हणाली, "तब्येत बरी नाही, सवडीने या." तो सवडीने आला.

"दया करायला गेली," मावशी म्हणाल्या. "आपल्या तोंडात दुसऱ्याचा घास असतो. त्यात आपली थुंकी मिसळायची नाही."

मला वाटतं हे एवढं बोलतानासुद्धा तीन मिनिटं झाली नव्हती.

आता त्या दिवसाचं सांगतो.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, येवल्याला राहत. शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं, घरात ते एकटेच. गुडघा फार धरला म्हणून आमच्या डॉक्टरांना दाखवायला कल्याणला आले होते. डॉक्टरांनी तपासलं, कंपाउंडरने पांढऱ्या कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून दिल्या. दोन सकाळी, दोन संध्याकाळी. त्याच दवाखान्यातून, तशाच कागदात, माझ्या आईच्या साखरेच्या, म्हणजे मधुमेहाच्या, गोळ्या येत. दोन्ही पुड्या देवघराच्या फळीवर शेजारी शेजारी. बायको म्हणाली, "अण्णा, मी भरते तुमची पिशवी." अण्णा म्हणाले, "माझी पिशवी आजवर कोणी भरलेली नाही." आणि सकाळच्या गाडीने गेले. गोळ्या घरी पोचून संध्याकाळी सुरू करणार होते. प्रवासात औषध त्यांना मंजूर नव्हतं.

त्या दिवशी संकष्टी होती. अण्णांची संकष्टी निर्जळी. चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. औषधापुरती पळीभर पाणी चालतं, ही सूट त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली होती.

माझी पहिली पाळी होती. दुपार कलताना घरी आलो, तर आई फळीपाशी पुडी उघडून उभी. "अरे, या माझ्या गोळ्या नव्हेत. माझ्या एवढ्याशा असतात."

मी पुडी घेऊन चपला न घालता चौकातल्या दवाखान्यात धावलो. डॉक्टरांनी बघितलं. "या गुडघ्याच्या. मग साखरेच्या कुठायत?"

"सासऱ्यांबरोबर गेल्या."

"जेवून घेतील ना?"

"आज संकष्टी. निर्जळी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "साखरेच्या दोन, दिवसभराच्या रिकाम्या पोटी? थांबवा त्यांना. घेतल्या असतील तर साखर द्या. नुसती साखर, तोंडात टाकायची. वाट बघायची नाही."

"नाहीतर काय होईल?"

"नाहीतर झोपतील. घरात उठवायला कोण आहे?"

कोणी नव्हतं.

मावशींच्या दारात आम्ही तिघं एकदम घुसलो. मी अण्णांच्या गुडघ्यापासून सुरुवात केली. तो पहिल्यांदा कधी दुखला, वैद्यांचं तेल कसं लागू पडलं नाही. मावशींनी हात वर केला. "तुम्ही थांबा. मुली, तू बोल."

बायकोने दोन वाक्यांत सांगितलं. चुकीच्या गोळ्या, एकटे अण्णा, दिवेलागणीला देवापुढे दिवा लावून औषध घेतात.

मावशींनी डोळे उघडले. खिडकीतून समोरच्या भिंतीवर बघितलं. कलतं ऊन भिंतीवर बरंच वर सरकलं होतं. मग त्या फोनच्या खुर्चीवर बसल्या, पदर खोचला आणि कानावरचे केस दोन्ही हातांनी मागे सारले. जणू डोक्यावर काहीतरी चढवायचं होतं.

"ट्रंक? येवला हवंय. लाइटनिंग." लाइटनिंग म्हणजे सगळ्यात तातडीचा, सगळ्यात महाग कॉल. मग आमच्याकडे न वळता त्या सांगू लागल्या, कारण पलीकडचं ऐकलेलं मोठ्याने म्हणून दाखवायची त्यांची सवयच होती. "'दोन तास लागतील' म्हणते. अगं, लाइटनिंगला दोन तास? शिकवलं कोणी तुला? नाशिक दे. नाशिक मोकळं असेल या वेळी, मला माहितीये."

नाशिक मोकळं होतं. पुढे मनमाडही मिळालं. पण मनमाडच्या पुढे घोटाळा.

"'येवल्याची लाइन खराब आहे. मनमाडला येवला ऐकू येतंय, पण विहिरीतून बोलल्यासारखं. इथपर्यंत आवाज यायचा नाही. उद्या सकाळी करा.'" मावशींनी हेही जसंच्या तसं सांगितलं. बायकोने माझा दंड धरला. मावशी फोनमध्ये म्हणाल्या, "नाशिक, मग तोंडाने न्या. मी तुला सांगते, तू मनमाडला सांग, मनमाड येवल्याला सांगेल."



"'असं आता करत नाहीत बाई, आपण कोण बोलताय?'" मावशी म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

मी त्यांना गप्प होताना पुष्कळदा पाहिलं होतं, पण ते समोरच्याला संपवण्यासाठी. हे तसं नव्हतं. जन्मभर या प्रश्नाला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते आता दुसऱ्याच मुलीचं झालं होतं. ती मुलगी त्याच लाइनवर बसून ऐकत होती. मावशींनी मग स्वतःचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शाळेत हजेरी द्यावी तसं. आम्ही ते नाव फक्त विजेच्या बिलावर वाचलेलं होतं.

"'अशा कोणाला मी ओळखत नाही,' म्हणते."

भिंतीवरचं ऊन अगदी पत्र्याच्या पन्हळीपाशी गेलं होतं. आई देवाचं काहीतरी पुटपुटत होती. मावशींनी डोळे मिटले, पाठ ताठ केली, आणि आम्ही कधीच न ऐकलेल्या एका आवाजात, ना मोठा ना बारीक, सरळ रेघ मारल्यासारख्या आवाजात, म्हणाल्या, "नाशिक, कल्याण बोलतेय. लाइन घे."

पलीकडून काहीतरी आलं.

"काय म्हणाली?" बायकोने विचारलं.

"'अगंबाई' म्हणाली."

त्यानंतर मात्र भराभर झालं. नाशिकने मनमाडला सांगितलं, मनमाडने येवल्याला. येवल्याचं एक्स्चेंज म्हणजे एक खोली आणि एक बाई. "येवला म्हणतं, 'आमचे गुरुजी? मी त्यांच्या वर्गात होते.' लाइनमन सायकलवरून निघाला. त्यांना घेऊन येतो."

मग वाट बघणं. मावशी रिसीव्हर कानाला लावून पुतळ्यासारख्या. मी घड्याळाकडे बघत होतो, आई खिडकीकडे, बायको मावशींच्या तोंडाकडे. मधेच मावशी एकदम भडकल्या. "काय म्हणालीस? तीन मिनिटं झाली? खबरदार लाइनला हात लावलास तर!" मग आमच्याकडे वळून, जराशा ओशाळून, "कल्याणची मुलगी. काम बरोबर करते तशी."

"आले," त्या म्हणाल्या. "कॅरिअरवर बसून आले. बोल मुली."

बायको पुढे झाली. "अण्णा, त्या गोळ्या घेऊ नका."

"अण्णा, त्या गोळ्या घेऊ नका," मावशींनी म्हटलं. बायकोच्या आवाजातला काटा त्यांच्या आवाजात उतरला होता. मला वाटतं, नाशिकच्या आणि मनमाडच्या आवाजातही उतरला असणार.

उत्तर यायला वेळ लागे. तेवढ्या वेळात माणूस काय काय मनात आणतो ते सांगत नाही.

"'घेतल्या,'" मावशी म्हणाल्या.

"अहो, अजून दिवा कुठे लागलाय!"

"'आज गुडघा फार ठणकत होता, म्हणून लवकर घेतल्या. दोन.'"

"अण्णा, त्या आईंच्या साखरेच्या होत्या. आत्ताच्या आत्ता साखर खा."

"'संकष्टी आहे.'"

"साखर उपासाला चालते!" आई मागून म्हणाली. मावशींनी तेही दिलं, आईच्या साताऱ्यासकट.

"'निर्जळी आहे, विहीणबाई. चंद्र उगवला की मोदक आहेतच. साखर जाईल पोटात.'"

"डॉक्टर म्हणाले म्हणावं!" मी.

"'डॉक्टर संकष्टी करत नाहीत.'"

एरवी या उत्तराला मी दाद दिली असती. 

मावशींनी कपाळाला आठी घातली. "हे गुरुजींचं नाही. हे येवल्याचं स्वतःचं आहे. येवला म्हणतं, त्यांना घाम फुटलाय. हात थरथरतायत. पण साखरेचा डबा पुढे केला की ढकलून देतात." आणि लगेच, "येवला म्हणतं, गुरुजी खाली बसले. बोल मुली, लवकर बोल. जड बोलतायत आता."

बायकोचं तोंड उघडं होतं, पण आवाज फुटत नव्हता. ओठ नुसते हलत होते. आईने पेला भरून आणला आणि तिच्या हातात दिला. "घोटभर घे, म्हणजे बोलता येईल." मी मात्र बोललो. फोनपासून दोन हात लांब उभा राहून सगळा जीव एकवटून ओरडलो, "अण्णा, साखर खा!" तो आवाज नाशिकपर्यंत वायरीशिवायही गेला असेल. उपयोग काही झाला नाही.

"बोल," मावशी म्हणाल्या. "लाइन उघडी आहे. बोल गं."

बायकोने पेला ओठांपाशी नेला. तिचे दात काचेवर वाजत होते.

मावशींनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही साखर खाल्ल्याशिवाय मी पाणीसुद्धा पिणार नाही."

खोलीत आम्ही तिघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. सूर बायकोचाच होता. शेवटी आवाज जरा उंच जाऊन मोडतो, तेही तसंच. फक्त बायको असं काही म्हणाली नव्हती.

मावशींनी डोळे उघडले. हात लांब करून बायकोच्या ओठांपासचा पेला काढून घेतला आणि फोनशेजारी ठेवला.

"तुझ्या नावावर गेलंय पुढे," त्या म्हणाल्या. "आता ते खोटं करू नकोस."

बायकोने मान हलवली. ती जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, त्या पेल्याकडे बघत. घसा कोरडा पडून तिला उबळ येत होती, आई पुन्हा पुन्हा पेल्याकडे हात नेई आणि मावशींकडे बघून मागे घेई. पलीकडून काही येईना. मावशींनी एकदा "नाशिक?" म्हटलं. मग पुन्हा, "नाशिक, आहेस ना?" समोरच्या भिंतीवरचं ऊन गेलं होतं. कोणाच्या तरी घरात शुभंकरोती सुरू झालं आणि मला ते बंद करायला सांगावंसं वाटलं.

किती वेळ गेला ते मला खरंच माहीत नाही. 

मग मावशींचा चेहरा सैल झाला.

"'खाल्ली,'" त्या म्हणाल्या. "'खाल्ली साखर. आता तू पाणी पी.'"

बायको प्यायली. निम्मं साडीवर सांडलं. पाठोपाठ येवल्याहून कळलं, की लाइनमन तिथल्या डॉक्टरांना घेऊन आला, गुरुजींना आणखी साखरपाणी दिलं, आता भिंतीला टेकून बसलेत आणि येवल्यालाच विचारतायत, की तुझं गणित सुधारलं का. मग बायको जी रडायला लागली, ती मावशींच्या गुडघ्यावर डोकं ठेवून. मावशींना काय करावं ते कळेना. त्या रिसीव्हर हातात धरून तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेढे घेऊन गेलो, तर दार उघडेनात. आतूनच म्हणाल्या, "काय आहे?" पुढेही बरेच दिवस त्या आम्हाला टाळत होत्या. जिन्यात माझा आवाज आला की आत जात. आई म्हणाली, "भाडं वाढवायचं असेल, संकोचत असतील." मला आपला नेहमीचा संशय, की माझ्या त्या ओरडण्याने फोन बिघडला. शेवटी बायकोनेच त्यांना नळावर गाठलं. तिला म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा निरोप बिघडवला मी. तो उपयोगी पडला हे नशीब. पण बिघडवला."

पुढच्या महिन्यात अण्णा आले. गुडघा तसाच होता, पण या खेपेला पिशवी मुलीने भरली तरी चालेल म्हणाले. आल्या आल्या मावशींना भेटायला गेले, आम्हीही मागून गेलो. मावशींनी डोळे मिटले आणि मान कलती केली. अण्णांचा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या दिवशी त्यांनी फक्त नाशिक ऐकलं होतं.

"बाई," अण्णा म्हणाले, "मी हट्टी माणूस आहे. चंद्राआधी मी प्राण गेला तरी काही खाल्लं नसतं. पण मुलगी सकाळपासून पाणी न पिता दारात पडून आहे आणि कल्याणचे डॉक्टर तिच्या उशाशी बसलेत, असं ऐकल्यावर मी काय करणार?"

मावशींनी डोळे उघडले.

"पुन्हा सांगा. ऐकलंत तसं सांगा."

अण्णा मास्तर. त्यांनी शब्दन् शब्द पुन्हा सांगितला.

"'सकाळपासून' मी दिलं नव्हतं," मावशी हळूहळू म्हणाल्या. "'दारात पडून' नव्हतं दिलं. आणि डॉक्टर?" त्यांनी बायकोकडे बघितलं. "डॉक्टर तर नव्हतेच मुळी." मग त्या बोटांवर मोजू लागल्या. "'सकाळपासून' हे नाशिकचं. ती पहिल्यापासून जरा वाढवूनच बोलते. डॉक्टर मनमाडने बसवले असणार. मनमाडला कुठलीही गोष्ट कागदोपत्री पक्की लागते."

"काय म्हणता?" अण्णा म्हणाले.

"आणि तुमचं उत्तर? 'खाल्ली साखर, आता तू पाणी पी.' हे तरी तुमचं ना?"

अण्णांनी आठवून बघितलं. "मी कुठे काय बोललो? माझं तोंड साखरेने भरलेलं. त्या एक्स्चेंजमधल्या पोरीने एका हाताने माझी हनुवटी धरली होती आणि दुसऱ्याने मूठ कोंबत होती. मला बोलता येत असतं तर मी तिला दोन शब्द सुनावलेच असते."

बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गेला महिनाभर ती ते वाक्य जपून होती, मला माहीत होतं. अण्णा जन्मात कधी असं बोलले नव्हते. परीक्षेत पहिली आली तरी "बरं" म्हणायचे. पाठवणीच्या वेळी म्हणाले होते, "गाडीची वेळ झाली." आणि जे एक वाक्य तिला मिळालं होतं, ते येवल्याच्या त्या बाईचं निघालं.

मावशी अण्णांकडे वळल्या. डोळे उघडे होते त्यांचे.

"मग आता सांगा," त्या म्हणाल्या. "मधे कोणी नाही. तुम्हाला काय सांगायचं होतं हिला?"

अण्णांनी उपरणं सारखं केलं. खिशात हात घालून बाहेर काढला. मला वाटलं, आता गाडीची वेळ काढतील. त्यांनी मुलीकडे बघितलं, मग जमिनीकडे, मग परत मुलीकडे.

"तेच," ते म्हणाले. "तेच सांगायचं होतं. तू पाणी पी, म्हणून."

मावशींनी मान हलवली.

"मग पोचलं," त्या म्हणाल्या.